लाकडं विकून पोट भरणाऱ्या ग्रँटने अमेरिकेचं यादवी युद्ध जिंकलं, पण त्या विजयाचं पुढे काय झालं?

१८६५ सालची मुंबई. गेली चार वर्षं शहरात नुसता पैसा वाहत होता. कापसाच्या गाठी जहाजात भरून इंग्लंडला जायच्या आणि बदल्यात सोनं-चांदी यायची. नव्या बँका निघत होत्या, नव्या कंपन्या निघत होत्या. ज्याच्याकडे चार पैसे होते तो शेअर घेऊन बसला होता.

आणि मग एक बातमी आली. कापसाचे भाव धाडकन कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. राजाबाई टॉवरसाठी पैसे देणारे शेअर बाजाराचे बादशहा प्रेमचंद रायचंद सुद्धा यातून सुटले नाहीत.

बातमी काय होती? अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं.

इंग्लंडच्या कापड गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कापसावर चालायच्या. युद्धात उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, तेव्हा गिरण्यांनी मोर्चा हिंदुस्थानच्या कापसाकडे वळवला. युद्ध संपल्यावर ती तेजीही संपली.

ज्या माणसाने हे युद्ध संपवलं त्याचं नाव युलिसिस एस. ग्रँट. (आपल्या ग्रँट रोडचा आणि याचा काही संबंध नाही, तो रोड मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटच्या नावाचा.) युद्ध सुरू होण्याआधी हा माणूस वडिलांच्या चामड्याच्या दुकानात गल्ल्यामागे उभा असायचा. पुढच्या आठ वर्षांत तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. तरीही पुढची जवळपास शंभर वर्षं त्याची ओळख काय राहिली, तर दारुडा, खाटीक आणि भ्रष्ट सरकारचा प्रमुख.

असं का झालं, हे समजून घ्यायचं असेल तर त्याची गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

नावापासूनच घोळ

ग्रँटचा जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो राज्यातला. पाळण्यातलं नाव हायरम युलिसिस ग्रँट. वडील जेसी कातडी कमावण्याचा धंदा करायचे. पोराला तो वास, ते रक्त सहन व्हायचं नाही. त्याला आवड एकाच गोष्टीची, घोड्यांची. कसाही अडेल घोडा द्या, ग्रँट त्याला वठणीवर आणायचा.

वडिलांनी खटपट करून त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जागा मिळवून दिली. शिफारस करणाऱ्या खासदाराने अर्जात नाव चुकीचं लिहिलं, युलिसिस एस. ग्रँट. अकादमीने ते बदलायला नकार दिला आणि तेच नाव जन्मभर चिकटलं. त्यातल्या 'एस' ला काही अर्थच नाही.

१८४३ साली ३९ जणांच्या बॅचमध्ये तो २१ वा आला. म्हणजे ना हुशार, ना ढ. पुढे १८४६ ते १८४८ च्या मेक्सिको युद्धात तो लढला. तिथे त्याच्यासोबत जे तरुण अधिकारी होते, त्यातले कितीतरी जण पुढे यादवी युद्धात त्याच्या समोर उभे राहिले. त्यामुळे कोण घाबरतो, कोण घाई करतो, कोणाला फार मोठं समजायचं नाही, याचा अंदाज ग्रँटला आधीपासून होता.

गहाण टाकलेलं घड्याळ आणि विल्यम जोन्स

१८४८ मध्ये ग्रँटने ज्युलिया डेंटशी लग्न केलं. ज्युलियाचे वडील मिझुरीतले जमीनदार, घरी गुलाम. ग्रँटचे वडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यामुळे ग्रँटच्या घरचे लग्नालाच आले नाहीत.

पुढे त्याची बदली पॅसिफिक किनाऱ्यावर झाली. बायको-मुलं हजारो मैल लांब. पगार इतका तोकडा की त्यांना बोलावून घेणं शक्य नव्हतं. एकटेपणात तो दारू प्यायला लागला. १८५४ मध्ये त्याने राजीनामा दिला. दारूमुळे वरिष्ठाने द्यायला लावला, अशी कुजबुज लष्करात पसरली आणि ती शेवटपर्यंत त्याच्या मागे राहिली.

पुढची सहा-सात वर्षं म्हणजे नुसती पडझड. शेती केली, ती बुडाली. सेंट लुईसच्या रस्त्यावर उभं राहून जळाऊ लाकडं विकली. १८५७ च्या नाताळात तर त्याने स्वतःचं सोन्याचं घड्याळ गहाण टाकलं.

याच काळातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. सासऱ्याकडून ग्रँटकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम आला होता. त्या काळी गुलाम म्हणजे मालमत्ता, विकला की रोख पैसे हातात. ग्रँटला तेव्हा पैशाची नितांत गरज होती. पण मार्च १८५९ मध्ये तो कोर्टात गेला आणि एक पैसाही न घेता त्याने जोन्सला मुक्त केलं.

म्हणून ग्रँट गुलामगिरीविरुद्धचा कार्यकर्ता होता का? अजिबात नाही. १८५६ च्या निवडणुकीत त्याने गुलामगिरीला हात न लावणाऱ्या उमेदवारालाच मत दिलं होतं. बायकोच्या माहेरचे गुलाम त्याच्या घरात राबत होते आणि त्यावर त्याने मोठा आक्षेप घेतल्याचं दिसत नाही. त्याचं मत बदललं ते युद्धात.

१८६० मध्ये तो इलिनॉयमधल्या गलिना गावी वडिलांच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करायला लागला. वय ३८.

युद्ध पेटलं कशावरून?

त्याच वर्षी अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, ही त्याच्या पक्षाची भूमिका. दक्षिणेत तेव्हा जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती आणि तिथली सगळी श्रीमंती त्यांच्या घामावर उभी होती. एकेक करत राज्यं फुटू लागली आणि त्यांनी स्वतःचा वेगळा देश जाहीर केला, कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका. १२ एप्रिल १८६१ ला त्यांनी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या आणि युद्ध सुरू झालं.

उत्तरेकडे सैन्य उभं करायला प्रशिक्षित अधिकाऱ्यांची मारामार होती. ग्रँटने अर्ज केला, त्याला उत्तरही आलं नाही. शेवटी इलिनॉयच्या गव्हर्नरने एक बेशिस्त रेजिमेंट त्याच्या गळ्यात मारली, २१ वी इलिनॉय. ग्रँटने काही दिवसांत तिला शिस्त लावली. अडेल घोड्यांची सवय होतीच.

दोन किल्ले आणि एक टोपणनाव

फेब्रुवारी १८६२. पूर्वेकडे उत्तरेचे सेनापती नुसती तयारी करत बसले होते. ग्रँटने पश्चिमेला दोन नद्यांवरचे दोन किल्ले हेरले, फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन. या नद्या म्हणजे दक्षिणेच्या पोटात शिरायचे हायवे होते. लोखंडी पत्रे ठोकलेल्या गनबोटी सोबत घेऊन त्याने दहा दिवसांत दोन्ही किल्ले घेतले.

डोनेल्सनचा कॉन्फेडरेट सेनापती होता सायमन बकनर. ग्रँटचा वेस्ट पॉइंटचा दोस्त. १८५४ मध्ये ग्रँट खिशात दमडी नसताना न्यूयॉर्कमध्ये अडकला होता, तेव्हा याच बकनरने त्याला मदत केली होती. आता बकनरने अटी विचारल्या. जुन्या दोस्ताला ग्रँटने कळवलं की अटी वगैरे काही नाहीत, बिनशर्त शरण या. बारा हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. ग्रँटच्या नावातल्या यू आणि एस या अक्षरांवरून पेपरवाल्यांनी लगेच त्याला 'अनकंडिशनल सरेंडर' ग्रँट हे टोपणनाव देऊन टाकलं.

पण दोनच महिन्यांत चित्र पालटलं. ६ एप्रिल १८६२ ला टेनेसीतल्या शायलो इथे कॉन्फेडरेट सैन्याने पहाटे अचानक हल्ला केला. ग्रँट बेसावध सापडला. पहिल्या दिवशी त्याची फौज नदीपर्यंत मागे रेटली गेली. रात्रभर पाऊस पडला. रात्रीतून कुमक आली आणि दुसऱ्या दिवशी त्याने उलटा हल्ला करून गमावलेली सगळी जमीन परत घेतली. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांहून जास्त सैनिक मेले, जखमी झाले किंवा हरवले. अमेरिकेने एवढा रक्तपात कधी पाहिलाच नव्हता. ग्रँट दारू पिऊन पडला होता अशा बातम्या उठल्या, त्याला काढा अशी ओरड झाली. लिंकनने काढलं नाही. कारण साधं होतं, त्याच्याकडे लढणारे सेनापती फार नव्हते.

त्याच वर्षाच्या शेवटी ग्रँटच्या हातून एक गंभीर अन्याय झाला. त्याच्या ताब्यातल्या भागात कापसाचा चोरटा व्यापार जोरात होता. त्यात सगळ्या प्रकारचे लोक होते, पण डिसेंबर १८६२ मध्ये ग्रँटने हुकूम काढला की सगळ्या ज्यूंनी हा प्रदेश सोडून जावं. एका धर्माच्या सगळ्या माणसांना सरसकट गुन्हेगार ठरवणारा हा हुकूम होता. काही कुटुंबांना खरोखर घरं सोडावी लागली. ज्यू नागरिक थेट लिंकनकडे गेले आणि लिंकनने तो हुकूम मागे घ्यायला लावला. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ग्रँटने ज्यूंना मोठ्या पदांवर नेमलं, पण तो डाग कायम राहिला.

व्हिक्सबर्ग : एका शहरासाठी अख्खी नदी

मिसिसिपी नदी म्हणजे अमेरिकेचा कणा. ती पूर्ण ताब्यात आली तर कॉन्फेडरेट देशाचे दोन तुकडे पडणार होते. आडवं होतं व्हिक्सबर्ग. उंच कड्यावर वसलेलं शहर, खाली नदी, वर तोफा, आजूबाजूला दलदल.

ग्रँटने हिवाळाभर वेगवेगळे मार्ग शोधले. कालवे खणून पाहिले, काही जमलं नाही. मग एप्रिल १८६३ मध्ये त्याने जुगार खेळला. बोटी रात्रीच्या अंधारात तोफांच्या माऱ्याखालून पुढे काढल्या, सैन्य पलीकडच्या काठाने खाली चालवत नेलं आणि शहराच्या दक्षिणेला नदी पार केली. रसदीच्या लांबलचक रांगेवर विसंबून न राहता सैनिकांना बरंचसं अन्न शेतावाड्यांतून मिळवायला सांगितलं. तीन आठवड्यांत पाच लढाया जिंकून तो व्हिक्सबर्गच्या दारात पोहोचला. दोन थेट हल्ले फसल्यावर त्याने वेढा घातला.

वेढा ४७ दिवस चालला. शहरातले लोक तोफगोळ्यांपासून वाचायला टेकड्यांत गुहा खोदून राहिले. अन्न संपलं तेव्हा खेचरं मारून खाल्ली. ४ जुलै १८६३ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, व्हिक्सबर्ग पडलं. सुमारे २९ हजार सैनिक शरण आले. आदल्याच दिवशी पूर्वेला गेटिसबर्गची लढाई उत्तरेने जिंकली होती. युद्धाचं पारडं इथून फिरलं.

१८६४ : रणांगण आणि मतपेटी

मार्च १८६४ मध्ये लिंकनने ग्रँटला लेफ्टनंट जनरल केलं आणि उत्तरेच्या सगळ्या फौजा त्याच्या हाती दिल्या.

तोपर्यंत उत्तरेची प्रत्येक फौज आपल्या मनाने लढायची. एक थांबली की दुसरी निघायची आणि दक्षिणवाले सैन्य इकडून तिकडे हलवून दोघींना थोपवायचे. ग्रँटने हे बंद केलं. सगळीकडून एकाच वेळी दाबायचं, श्वास घ्यायला जागा द्यायची नाही. शर्मन जॉर्जियात शिरणार आणि ग्रँट स्वतः व्हर्जिनियात रॉबर्ट ली समोर.

मे महिन्यात विल्डरनेसच्या घनदाट झाडीत पहिली टक्कर झाली. हजारो सैनिक पडले, जंगलाला आग लागली, जखमी होरपळले. याआधीचा प्रत्येक सेनापती लीकडून मार खाल्ला की मागे फिरायचा. ग्रँटने सैन्य दक्षिणेकडे वळवलं, म्हणजे रिचमंडच्या दिशेने. आपण मागे जात नाही हे कळल्यावर थकलेल्या सैनिकांनी अंधारात जल्लोष केला.

किंमत मात्र भयंकर होती. जूनच्या सुरुवातीला कोल्ड हार्बरला त्याने खंदकांवर थेट हल्ला चढवला आणि हजारो माणसं थोड्या वेळात गमावली. त्या हल्ल्याचा पश्चात्ताप त्याला मरेपर्यंत होता. सहा आठवड्यांत त्याचे सुमारे ५५ हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पेपर त्याला खाटीक म्हणायला लागले. लीचं नुकसान आकड्यात कमी होतं, पण त्याच्या छोट्या सैन्याच्या मानाने पाहिलं तर ते तितकंच जिव्हारी लागणारं होतं आणि त्याला नवी माणसं मिळत नव्हती.

आणि हे सगळं निवडणुकीच्या वर्षात चाललं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाने युद्ध फसलं असं जाहीर करून तहाची मागणी केली आणि लिंकनविरुद्ध त्याचाच जुना सेनापती मॅक्लेलन उभा केला. ऑगस्टमध्ये खुद्द लिंकनला वाटत होतं की आपण हरणार. तो हरला असता तर तह झाला असता आणि गुलामगिरी कदाचित तशीच राहिली असती. त्या तहात दक्षिण वेगळी झाली असती, हेही अशक्य नव्हतं.

ग्रँट पीटर्सबर्गच्या वेढ्यात लीला अडकवून बसला होता. तिकडे २ सप्टेंबरला शर्मनने अटलांटा घेतलं. हवा एका रात्रीत बदलली. नोव्हेंबरमध्ये लिंकन मोठ्या फरकाने जिंकला आणि लढणाऱ्या सैनिकांपैकी बहुतेकांनी त्यालाच मत दिलं.

याच काळात एक वाद झाला, जो ग्रँट किती बदलला होता हे दाखवतो. उत्तरेच्या सैन्यात तोपर्यंत हजारो कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले होते, युद्ध संपेपर्यंत हा आकडा पावणेदोन लाखांच्या पुढे गेला. ऑक्टोबर १८६४ मध्ये लीने कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवला. ग्रँटने विचारलं, कृष्णवर्णीय सैनिकही परत देणार का? लीचं उत्तर होतं की जे आधी गुलाम होते ते मालकांचे आहेत, त्यांची अदलाबदल नाही. ग्रँटने व्यवहार मोडला. माझ्या सैन्यात भरती झालेला प्रत्येक जण सैनिक आहे, ही त्याची भूमिका. उत्तरेचे गोरे कैदी तिकडे तुरुंगात उपाशी मरत असताना हा निर्णय सोपा नव्हता. कैदी परत गेले तर लीला माणसं मिळतील, हा हिशोबही त्यात होता.

चिखलाने भरलेले बूट

एप्रिल १८६५ मध्ये पीटर्सबर्ग आणि रिचमंड पडलं. ली उरलेलं उपाशी सैन्य घेऊन पश्चिमेला पळाला. ग्रँटने त्याला ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाऊस या गावापाशी घेरलं.

९ एप्रिलला एका घराच्या दिवाणखान्यात दोघं भेटले. ली नव्या कोऱ्या गणवेशात, कमरेला सुंदर तलवार. ग्रँट साध्या शिपायाच्या कोटात, बुटांना चिखल. अटी लिहिताना ग्रँटने ना कोणाची तलवार मागितली, ना कोणाला कैद केलं. पुन्हा शस्त्र उचलणार नाही अशी हमी द्या आणि घरी जा, एवढंच. ज्यांचे स्वतःचे घोडे आहेत त्यांनी ते घेऊन जावेत, नांगरणीला उपयोगी पडतील. उपाशी सैनिकांसाठी २५ हजार माणसांचा शिधाही दिला. बाहेर त्याच्या सैनिकांनी विजयाच्या तोफा उडवायला सुरुवात केली तेव्हा त्याने त्या थांबवल्या. अटींची पक्की प्रत ज्याने लिहून काढली तो एली पार्कर हा ग्रँटच्या स्टाफवरचा अधिकारी होता, सेनेका जमातीचा मूळ अमेरिकन.

पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली. त्या संध्याकाळी नाटकाला ग्रँटलाही बोलावलं होतं, पण तो मुलांना भेटायला निघून गेला म्हणून वाचला.

लिंकनच्या खुनानंतर सूडाची भाषा सुरू झाली. लीवर देशद्रोहाचा खटला भरायचं ठरलं. ग्रँटने नव्या राष्ट्राध्यक्षाला, अँड्र्यू जॉन्सनला, स्पष्ट सांगितलं की मी शब्द दिलाय, खटला चालला तर मी राजीनामा देईन. खटला बारगळला.

हा उदारपणा ग्रँटच्या मनात एका हिशोबावर उभा होता. हरलेल्यांनी पराभव मान्य करायचा, देश एक आहे आणि गुलामगिरी संपली आहे हे कबूल करायचं. बदल्यात त्यांना सन्मानाने घरी जाऊ द्यायचं. या सौद्याची पहिली बाजू दक्षिणेने पाळलीच नाही.

राष्ट्राध्यक्ष ग्रँट विरुद्ध कू क्लक्स क्लान

गुलामगिरी कायद्याने गेली, पण दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच नवे कायदे केले. काम नसलेल्या कृष्णवर्णीय माणसाला पकडा, दंड करा आणि दंडापोटी पुन्हा गोऱ्या मालकाकडे राबवा. सोबत कू क्लक्स क्लान उभी राहिली. यात माजी कॉन्फेडरेट सैनिक मोठ्या संख्येने होते. रात्री तोंड झाकून यायचं, मत द्यायला जाणाऱ्याला, शाळा चालवणाऱ्याला, जमीन घेणाऱ्याला मारायचं.

नोव्हेंबर १८६८ मध्ये ग्रँट ४६ व्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. पहिल्यांदाच मत देणाऱ्या लाखो कृष्णवर्णीय मतदारांचा त्यात मोठा वाटा होता. १८७० मध्ये १५ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली, वंशावरून कोणाचा मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही. त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर झाला. तोही मिसिसिपीतून, जिथून कॉन्फेडरेट राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस एकेकाळी सिनेटमध्ये बसायचा.

आज आपण बातम्यांत ज्या अमेरिकन न्याय विभागाचं नाव ऐकतो, तो १८७० साली ग्रँटच्या काळातच सुरू झाला. त्याने ॲटर्नी जनरल नेमला ॲमॉस एकरमन, जो स्वतः कॉन्फेडरेट सैन्यात होता आणि आता कायद्याच्या बाजूने उभा राहिला होता. १८७१ मध्ये क्लानविरोधी कायदा आला. ऑक्टोबरमध्ये ग्रँटने साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांमध्ये हेबियस कॉर्पसचा अधिकार स्थगित केला, सैन्य पाठवलं आणि शेकडो जणांना उचललं. टोळीवाले धडाधड कबुलीजबाब देऊ लागले. १८७२ पर्यंत क्लान मोडून पडली होती.

१८७३ : पुण्यात एक पुस्तक, लुइझियानात एक हत्याकांड

१८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी अर्पण केला अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्याग केला. आपल्या शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून मुक्त करताना इथल्या लोकांनीही हा कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. फुल्यांनी ज्या त्यागाला सलाम केला, त्या लढ्याचा सेनापती तेव्हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता.

पण त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादातून सशस्त्र गोऱ्या जमावाने कोर्टाची इमारत वेढली. आतले बरेच कृष्णवर्णीय शरण आल्यावर मारले गेले. मृतांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. केंद्र सरकारने खटले भरले, थोडेच जण दोषी ठरले आणि १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही सोडले. कोर्टाचं म्हणणं असं की एका नागरिकाने दुसऱ्यावर केलेल्या अत्याचारात केंद्राने पडायचं काम नाही. एका निकालाने ग्रँटच्या कायद्याचे दात पडले.

त्याच वर्षी आर्थिक मंदी आली. उत्तरेतल्या मतदाराला स्वतःच्या नोकरीची काळजी लागली, दक्षिणेतल्या भांडणांचा कंटाळा आला. त्यात ग्रँटच्या सरकारमध्ये एकामागून एक घोटाळे बाहेर आले. व्हिस्कीवरच्या कराचे लाखो डॉलर अधिकारी आणि दारू गाळणारे मिळून खात होते आणि त्यात ग्रँटच्या खासगी सचिवाचं नाव आलं. स्वतः ग्रँटने पैसे खाल्ल्याचं कधी सिद्ध झालं नाही, पण माणसं ओळखण्यात तो सपशेल कच्चा निघाला. सचिवाच्या बचावासाठी तर त्याने साक्ष दिली.

१८७५ मध्ये मिसिसिपीत निवडणूक होती. गोऱ्या टोळ्यांनी उघड दहशत माजवली. तिथल्या गव्हर्नरने सैन्य मागितलं. ग्रँटवर दबाव आला की सैन्य पाठवलं तर उत्तरेत, ओहायोत पक्ष हरेल. सैन्य गेलं नाही. पक्षाने ओहायो राखलं आणि मिसिसिपी गमावलं. १८७७ मध्ये त्याच्यानंतर आलेल्या हेजने दक्षिणेतल्या सरकारांमागे उभे असलेले शेवटचे सैनिकही काढून घेतले. मतदानाचा हक्क कागदावर राहिला.

मुंबईचा पाहुणा, मग पुन्हा कंगाल

पद सोडल्यावर ग्रँट जगाच्या सफरीवर निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये तो मुंबईत उतरला आणि मलबार पॉइंटला गव्हर्नरच्या बंगल्यात राहिला. तिथून जबलपूर, आग्रा, दिल्ली करत तो कलकत्त्याला गेला. ज्या शहराचा बाजार त्याच्या विजयाने बसवला होता, त्या शहराने त्याचा पाहुणचार केला.

घरी परतल्यावर त्याने सगळी पुंजी मुलाच्या भागीदाराच्या, फर्डिनांड वॉर्डच्या फर्ममध्ये घातली. वॉर्ड एकाचे पैसे दुसऱ्याला नफा म्हणून वाटत होता. मे १८८४ मध्ये फर्म बुडाली. कोसळण्याच्या आधी वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँटने धनाढ्य व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते, तेही गेले. कर्ज फेडायला त्याने आपल्या तलवारी आणि मानचिन्हं देऊन टाकली.

त्याच वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. आपण गेल्यावर ज्युलियाचं काय, हा एकच प्रश्न त्याला छळत होता. म्हणून त्याने आठवणी लिहायला घेतल्या. प्रकाशक मिळाला मार्क ट्वेन, जो युद्धाच्या सुरुवातीला स्वतः काही दिवस कॉन्फेडरेट बाजूच्या तुकडीत होता. त्याने नफ्यातला मोठा वाटा देऊ केला. गिळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, तरी ग्रँट चिठ्ठ्या लिहीत, शाल गुंडाळून रोज पानं लिहीत राहिला. हस्तलिखित पुरं झालं आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ ला तो गेला. पुस्तकातून ज्युलियाला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. युद्धाचं कारण गुलामगिरीच होतं, हे त्याने त्यात आडपडदा न ठेवता लिहून ठेवलं.

अंत्ययात्रेला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. मानकऱ्यांमध्ये शर्मन होता, तसा सायमन बकनरही होता. डोनेल्सनला बिनशर्त शरण आलेला तोच दोस्त.

मग नाव खराब कोणी केलं?

हरलेल्या बाजूने. युद्धानंतर माजी कॉन्फेडरेट सेनापतींनी आणि लेखकांनी एक कहाणी रचली. युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. ली महान योद्धा, तो फक्त संख्येपुढे हरला. मग जिंकणारा ग्रँट कोण? माणसं मारून जिंकणारा दारुडा. आणि कृष्णवर्णीयांना सैन्याचं संरक्षण देणारं त्याचं सरकार? भ्रष्ट. देश एकत्र आणायच्या नादात उत्तरेनेही ही कहाणी मान्य केली आणि ती शाळेच्या पुस्तकांपासून सिनेमांपर्यंत पोहोचली.

ती उलटायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. कृष्णवर्णीयांनी नागरी हक्कांची चळवळ उभी केली आणि १९६५ मध्ये मतदानाच्या हक्काला पुन्हा खऱ्या कायद्याचं बळ मिळालं. तेव्हा इतिहासकार ग्रँटच्या कारकिर्दीकडे नव्याने पाहू लागले. वाद अजून मिटलेला नाही. जून २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आंदोलकांनी ग्रँटचा पुतळा पाडला, कारण विल्यम जोन्सचा मालक म्हणून त्याचं नाव कागदावर आहे. जोन्सला मुक्त केल्याचा कागदही तिथेच, सेंट लुईसच्या कोर्टात लिहिला गेला होता.